यशोधरेची आत्या

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत वर्षाराणी इंगवले हातात छोटी हातोडी घेऊन उभी असते. साच्यात ओतून गार झालेलं लोखंडी कास्टिंग समोर आलं की त्यावर एक टोला मारायचा, कान लावायचा आणि आत चीर आहे की नाही ते सांगायचं, हे तिचं काम. तपासायला मशीनही आहे, पण ते वर्षातून चार महिने दुरुस्तीला असतं, आणि मग सगळे वर्षाराणीच्या कानाकडे बघतात. तिच्या खडूची फुली बसली की माल परत भट्टीत. तिथं रदबदली नाही, 'एवढ्या वेळी चालवून घ्या' नाही. एकदा मालकाचा मेव्हणा चालवून घ्या म्हणाला, तर हिने त्याच्याच डोक्यावर टोला मारून बघायची तयारी दाखवली. तेव्हापासून तो पलीकडच्या गेटने येतो.

अशी ही खोट्याची वैरीण स्वतःच्या घरी मात्र सहा वर्षं अखंड खोट्यात राहत होती. ते खोटं तिने रचलेलं नव्हतं. रचलं होतं प्रीतीने. प्रीती कांबळे एका खासगी दवाखान्यात नर्स. दिसायला गरीब गाय, पण अडचणीत तिचं डोकं असं चालतं की वकिलाने तिच्या घरी पाणी भरावं. दोघींचं कसं जमलं हे सांगण्यात फार अर्थ नाही, सगळ्यांचं जमतं तसंच जमलं. वर्षाराणीच्या अंगठ्यावर कास्टिंग पडलं, प्रीतीने पट्टी बांधली. जखम आठवड्यात भरली, पण वर्षाराणी पट्टी बदलायला दोन महिने जात होती.

अडचण होती ती घराची. दोन बिनलग्नाच्या बायका कोल्हापुरात भाड्याने घर मागायला गेल्या की घरमालक आधी त्यांच्याकडे बघतो आणि मग त्यांच्या मागे बघतो, कुणी पुरुष माणूस येतोय का म्हणून. सहा दारं वाजवून झाली. सातवं दार मंगळवार पेठेतल्या आक्कांचं.

आक्का म्हणजे सत्तरीची, भरभक्कम देहाची विधवा बाई. आवारात पाच बिऱ्हाडं आणि सगळ्यांवर एक आक्का. पेठेतल्या जुन्या बायकांच्या रीतीप्रमाणे त्या स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलो' असंच बोलत, आणि ते त्यांना शोभायचंही. पाण्याची मोटर कधी लावायची, दोरीवर कुणाचे कपडे किती वाजेपर्यंत राहायचे, फाटक कधी बंद व्हायचं, हे सगळं त्या ठरवत. त्यावर अपील नव्हतं.

"कोण गं तुम्ही एकमेकींच्या?" आक्कांनी दारातच विचारलं.

वर्षाराणी 'मैत्रिणी' म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात प्रीती म्हणाली, "नणंद-भावजय."

"आन् दादला?"

"मस्कतला असतात. ही त्यांची धाकटी बहीण. मी एकटी नको म्हणून हिला सोबतीला ठेवलंय."

"नाव काय म्हणायचं त्येंचं?"

इथे प्रीती अडखळली. एवढा पुढचा विचार झाला नव्हता. आक्कांना वाटलं, नवऱ्याचं नाव घ्यायला लाजतेय पोरगी, आणि त्या एकदम खूश झाल्या. हल्ली कोण लाजतंय? त्यांनी नणंदेकडे बघितलं. नणंदेने समोरच्या भिंतीवर बघितलं. तिथे तालमीच्या कुस्त्यांचं, पैलवानांच्या नावांचं पोस्टर लावलेलं होतं.

"उदयसिंह," वर्षाराणी म्हणाली.

झालं. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या मिळाल्या, आणि एक भाऊही.

आता खोटं बोलणं सोपं, पण ते पोसणं म्हणजे म्हैस पोसण्यासारखं काम. रोज काहीतरी घालावं लागतं. उदयसिंह घरी का येत नाही? पहिल्या वर्षी व्हिसा नव्हता. दुसऱ्या वर्षी कोरोना आला आणि दोघींना एका बाबतीत तरी सुटका मिळाली. तिसऱ्या वर्षी कंपनी सोडत नव्हती. चौथ्या वर्षी काहीच सुचेना, तेव्हा प्रीतीने त्याला मुतखडा केला. आक्का एवढ्या हळहळल्या की त्यांनी परसातल्या पानफुटीचा पाला दोन महिने सावलीत वाळवून मस्कतला पाठवायला दिला. दर दिवाळीला उदयसिंहाकडून आवारातल्या पाचही बिऱ्हाडांना खजूर यायचा. तो शाहूपुरीतून आणून, पिशवी बदलून, वर्षाराणीच वाटायची.

गंमत अशी की तिला हळूहळू हा भाऊ आवडायला लागला. तिला खरा भाऊही होता, कुरुंदवाडला, हंबीरराव. तिने सात स्थळं नाकारली आणि सातव्याला का नाकारलं ते खरंखरं सांगितलं, त्या दिवसापासून हंबीररावांनी तिचं तोंड पाहिलेलं नव्हतं. फोन नाही, राखी नाही. उदयसिंह निदान दिवाळीला खजूर तरी पाठवत होता. एकदा तर फाउंड्रीत कुणाशी तरी बोलताना ती सहज म्हणून गेली, "माझा भाऊ लई जीव लावतोय मला." आणि मग दिवसभर तिला कसंतरीच होत राहिलं.

"मारून टाकू या त्याला," ती कधीमधी वैतागून प्रीतीला म्हणायची.

"मग तेरावं कोण घालणार? आन् आख्खं आवार सुतक धरंल."

"मग घटस्फोट दे."

"घटस्फोट दिल्यावर नणंद कशाला ऱ्हाईल भावजयीपाशी?"

उदयसिंह होता म्हणून त्या दोघी एका घरात होत्या. तो कितीही निरुपयोगी असला तरी घराचा खांब तोच होता.

त्यात त्यांना बक्षीस मिळालं. समोरच्या बिऱ्हाडातल्या शालूबाई महिला मंडळाच्या अध्यक्ष. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी 'आदर्श नणंद-भावजय' म्हणून या दोघींचा शाल आणि स्टीलचा डबा देऊन सत्कार केला. भाषणही केलं. "एका ताटात जेवत्यात. एका गाडीवर फिरत्यात. एवढ्या वर्सांत एक भांडण ऐकलं न्हाय. न्हाईतर आमच्याकडं!" शेवटचं वाक्य शालूबाईंनी सुनेकडे, स्वप्नालीकडे, बघून म्हटलं. स्वप्नालीची नणंद वर्षातून दोनदा माहेरी यायची आणि फ्रीजपासून भावजयीच्या कपाटापर्यंत सगळ्याची झडती घेऊन जायची. त्या दिवसापासून 'बघ जरा वरच्या मजल्याकडं' हे वाक्य स्वप्नालीच्या ताटात भाजीआधी पडायला लागलं. जिन्यात भेटली की ती या दोघींकडे असं बघायची की वाटावं, आता ढकलून देईल.

पाचव्या वर्षी दोघींनी मूल हवं असं ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, प्रीतीच्या मनात आधीपासून होतं आणि वर्षाराणी घाबरत होती. मग एके दिवशी वर्षाराणीनेच कामावरून येताना एक झबलं विकत आणलं आणि प्रीतीच्या हातात ठेवलं. पुण्यातलं एक इस्पितळ सापडलं. एकट्या बाईला कायद्याने दात्याचं बीज घेऊन आई होता येतं, कागदावर प्रीती एकटीच होती, त्यामुळे तिथे काही अडलं नाही. अडलं ते आवारात. नवरा मस्कतला, मग दिवस जाणार कसे?

म्हणून प्रीती मस्कतला जाऊन आली. म्हणजे चार दिवस पुण्याला आणि आठ दिवस वारणानगरला, आईकडे. परत आल्यावर आक्कांनी कौतुकाने विचारलं, "मस्कतात काय बघितलंस गं?"

"वाळू," प्रीती म्हणाली.

"आन्?"

"लई वाळू."

पहिल्या दोन मस्कतवाऱ्या वाया गेल्या. दर खेपेला वर्षाराणी रजा टाकून सोबत गेली. इंजेक्शनांच्या वेळा तिच्या मोबाइलमध्ये, फाइल तिच्या पिशवीत, आणि दोन्ही वेळा रिपोर्ट आल्यावर इस्पितळाच्या जिन्यात बसून रडली तीही तीच. प्रीती तिला पाणी देत होती. तिसऱ्या मस्कतला यश आलं.

सातव्या महिन्यात प्रीतीची आई मीनाबाई मुक्कामाला आल्या आणि नवाच घोर लागला. मीनाबाईंना सगळं ठाऊक होतं आणि सगळं मान्य होतं, पण त्यांना खोटं बोलता येत नव्हतं. जन्मात सवयच नाही. खरं बोलायची तर बंदी. मग त्या मधलंच काहीतरी बोलायच्या.

"जावई कसं हायत तुमचं?" शालूबाईंनी एकदा नळावर विचारलं.

"लाखात एक," मीनाबाई मनापासून म्हणाल्या. "कामाला वाघ. सकाळी लेकीला चहा करून देतंय, सांजचं पाय चेपून देतंय."

"मस्कतातनं?"

मीनाबाईंनी कळशी उचलली. "फोनवर इचारतंय म्हणायचं, दुखत्यात का म्हणून," असं पुटपुटत त्या जिना चढून आल्या आणि वर येऊन वर्षाराणीवरच चिडल्या. "तुज्यापायी म्या म्हातारपणी लबाडी शिकाय लागलीया!"

मुलगी झाली. एका मंगळवारी सकाळी, साडेनऊला. दवाखान्यात बाहेरच्या बाकावर मीनाबाई, आक्का आणि मधे वर्षाराणी. आतून एक पोरसवदा नर्स दुपट्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन आली आणि तिने विचारलं, "घरचं कोण?"

"हिच्याकडं दे, आत्या हाय," आक्का म्हणाल्या.

"या आत्याबाई, घ्या," नर्स म्हणाली.

वर्षाराणीने घेतलं. बाळ रडत होतं. तिने सवयीने कान लावला. चीर नव्हती कुठे, आवाज खणखणीत. आणि मग तिला राग आला, खूप राग आला. तीन वेळा पुण्याला मी गेले. जिन्यात मी रडले. रात्रंदिवस पोटाला हात लावून बोलत मी बसले, आणि आता आत्या? आत्या म्हणजे सणासुदीला येणारी, झबलं देऊन जाणारी, 'मोठी झाली गं' म्हणून गाल ओढणारी. तिला आत्या व्हायचं नव्हतं. तिला आई व्हायचं होतं, आणि ती झालीही होती, फक्त ते कुणाला ठाऊक नव्हतं.

"बाराव्या दिवशी बारसं," आक्कांनी तिथल्या तिथे जाहीर केलं. "आवारात मांडव घालू. आत्या घरातच हाय, आन् काय पायजे?"

बारशात बाळाचं नाव ठेवायचा मान आत्याचा. तिने पाळण्यावर वाकायचं, बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचं, आणि मागे उभ्या बायकांनी तिच्या पाठीत बुक्के घालायचे. सगळ्या आवारासमोर एकदा ते कुर्र झालं की मग सुटका नाही. पोरगी बोलायला लागली की आवारच तिला शिकवणार, 'ती बघ आत्या'. शाळेत आत्या, दाखल्यावर आत्या, मेल्यावर आत्या. वर्षाराणीने ठरवलं, काहीही झालं तरी त्या पाळण्यावर वाकायचं नाही.

पहिल्यांदा ती फाउंड्रीतल्या सुपरवायझरकडे, पिराजीकडे गेली आणि त्या दिवशी जादा पाळी मागितली. पिराजी म्हणाला, "मॅडम, भाचीचं बारसं सोडून आत्या कामाव? पाप लागंल मला." आणि त्याने उलट पेढे मागितले. मग तिने ताप आणला. आक्कांनी कपाळाला हात लावून बघितला आणि म्हणाल्या, "म्हशीगत धडधाकट हायस. ऊठ, मांडवाचं बघ." शेवटी ती म्हणाली, "आक्का, आमच्यात बारसं करत न्हाईत."

"कुरुंदवाडात बारसं करत न्हाईत? मग तुझं नाव काय आभाळातनं पडलं?"

बारशाच्या आदल्या दिवशी दुपारी ती प्रीतीजवळ बसली. बाळ मधे झोपलं होतं. नाव ठरलेलं होतं. हाक मारली की गल्लीच्या टोकाला पोचेल असं दणदणीत नाव वर्षाराणीला हवं होतं, प्रीतीला मऊ. शेवटी मीनाबाईंनी 'यशोधरा' काढलं आणि दोघींनाही ते एकदम पटलं.

"एका दिवसाचा तर सवाल हाय," प्रीती हळूच म्हणाली.

"एका दिवसाचा न्हाय. जन्माचा हाय."

"खरं सांगितलं आन् आक्कांनी घराभायेर काढलं तर? बारा दिवसांचं लेकरू घिऊन परत सहा दारं वाजवायची?"

हे खरंच होतं. प्रीतीचे टाके अजून सुकले नव्हते.

मग प्रीतीच म्हणाली, "तुला आत्या म्हणताना माझ्यापण जिवावर येतंय गं. तुला जमंल तसं कर. फक्त मला डोळ्यानं खूण कर आधी, म्हंजे मी पोरीला घट्ट धरून बसते."

बारशाला आक्कांनी काही म्हणून कमी केलं नाही. मांडव, झेंडूच्या माळा, घुगऱ्यांचं पातेलं, सुंठवडा, आणि आत्यासाठी हिरवीगार साडी. वर्षाराणी कधीच साडी नेसत नाही. नवा चौकड्यांचा शर्ट घालून ती खाली आली. शालूबाई मंडळाच्या बायका घेऊन पुढे बसल्या होत्या. स्वप्नाली पाळण्याच्या अगदी मागे उभी होती, आणि तिने हातातल्या बांगड्या कोपराकडे सारून घेतल्या होत्या. आत्याच्या पाठीत बुक्का घालायची संधी ती आज सोडणार नव्हती.

"उदयसिंहाला फोन लावा की," आक्का म्हणाल्या. "बघू दे की पोरीचं बारसं, मोबाइलात दिसतंय न्हवं?"

"ड्युटीवर आहेत," प्रीती म्हणाली.

"पोरीच्या बारशाला ड्युटी? येऊ दे एकदा त्यो, त्येचा मुतखडा मीच काढतो."

आधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात ठेवला, काढला. मग बाळाला पाळण्याखालून दिलं, वरून घेतलं, आणि आत निजवलं. प्रीती पाटावर बसली होती. आक्कांनी हाक मारली, "या आत्याबाई!"

वर्षाराणी पुढे गेली. वाकली. मागे बायका मुठी वळून सरसावल्या. यशोधरा जागी होती आणि अगदी शांतपणे, फाउंड्रीतल्या तपासनिसासारखी, वर बघत होती. वर्षाराणीने तोंड उघडलं. काहीच आलं नाही.

"अगं, कुर्र कर की!"

तिने मान वर करून प्रीतीकडे बघितलं. प्रीतीने पाळण्याची दोरी घट्ट धरली.

वर्षाराणी सरळ उभी राहिली. "मी आत्या न्हाय हिची."

"आँ?"

"आई हाय. प्रीतीपण आई, आन् मीपण आई. आम्ही नणंद-भावजय न्हाय. सात वर्सांपास्नं आम्ही दोघीच एकमेकींच्या हाय. उदयसिंह असा कुणी माणूसच न्हाय."

मांडवात असा शुकशुकाट झाला की पातेल्यात घुगऱ्या निवताना ऐकू याव्यात. सगळ्यांत आधी तोंड उघडलं ते मीनाबाईंनी. "हुश्श," त्या मोठ्याने म्हणाल्या. "सुटले एकदाची. पोट फुटायची येळ आलीती माझी."

शालूबाई उभ्या राहिल्या. "म्हंजे? म्हंजे तुम्ही दोघी..."

"व्हय."

"माझ्या मंडळाची शाल दिलीया मी तुम्हांस्नी!" त्यांचा आवाज चिरकला. त्यांनी पिशवी उचलली, पदर खोचला आणि तरातरा निघाल्या. मागोमाग मंडळाच्या दोघी गेल्या. आपल्या दाराशी शालूबाईंनी वळून सुनेला खूण केली.

स्वप्नाली जागची हलली नाही. तिच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ होता, मग हळूहळू असा आनंद पसरला की बघत राहावं. "तरीच!" ती ओरडली. "तरीच म्हणलं! खरी नणंद अशी असती व्हय कुठं? आन् ह्यांचा आदर्श माझ्या उरावर! तुम्ही व्हा पुढं, मी घुगऱ्या घिऊन येते."

पण तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळा मांडव आक्कांकडे बघत होता. घर आक्कांचं, आवार आक्कांचं. आक्का कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा लाल झाला होता. वर्षाराणी मोठमोठ्या इंजिनिअरांपुढे फुली मारणारी बाई, पण आता तिच्या डोळ्यांपुढे फक्त ती सहा दारं येत होती.

"नीघ तिथनं," आक्का म्हणाल्या.

"आक्का, चार दिवस द्या. हिचे टाके..."

"बाजूला हो म्हणतोय न्हवं? आईनं नाव ठेवत्यात व्हय कुठं? ऐकलंय का कधी कुणी? नाव आत्या ठेवती." आक्का थांबल्या. त्या डोक्यात नात्यांची जुळणी करत होत्या, आणि ती त्यांना सोपी जात नव्हती हे कपाळावर दिसत होतं. "तुला भन हाय का?"

"न्हाय. भाऊ हाय. बोलत न्हाय."

"मग झालं तर. सा वर्सं आक्का आक्का म्हणतीस ते काय उगंच? थोरली भन मी तुझी, म्हंजे प्रीतीची नणंद आन् पोरीची आत्या. सरक."

"तुम्हाला राग न्हाय आला?" वर्षाराणीने विचारलं.

"आलाय की! लई आलाय. दोन महिनं पाला वाळवलाय मी त्या नसलेल्या मुडद्यासाठी. त्याचं नंतर बघतो तुमच्या दोघींकडं. आधी पोरीचं नाव. काय ठरवलंयसा?"

वर्षाराणीने त्यांच्या कानात सांगितलं. आक्का पाळण्याशी वाकल्या, हे सोपं काम नव्हतं, आणि कुर्र करून यशोधरेच्या कानात इतक्या मोठ्याने नाव म्हणाल्या की ते रस्त्यावर ऐकू गेलं.

आणि मग बायकांच्या लक्षात आलं. आत्याच्या पाठीत बुक्के घालायचे असतात, आणि आत्या आक्का होत्या. क्षणभर कुणाचा विश्वास बसेना. मग पहिला बुक्का स्वप्नालीने घातला, पाण्याच्या मोटरीचा. दुसरा कुणीतरी कपड्यांच्या दोरीचा घातला, तिसरा बंद फाटकाचा. पंचवीस वर्षांची भाडेकरूंची गाऱ्हाणी त्या पाठीवर धडाधड वाजायला लागली. "अगं मारताय का मारून टाकताय!" आक्का ओरडत होत्या आणि हसत होत्या. प्रीती पाटावर बसून हसता हसता टाके धरत होती, आणि रडतही होती. साडी आक्कांनी तिथल्या तिथे स्वतःच्या काखेत मारली. आत्याचीच होती ती.

मीनाबाई लेकीची ओटी भरायला पुढे आल्या. ताटात खण, तांदूळ आणि नारळ.

"दुसरी कुठाय?" पाठ चोळत आक्कांनी विचारलं.

"एकच आणलीया."

"आया दोन आन् नारळ एक? काय चाललंय हे?"

स्वप्नाली घरी पळाली आणि सासूने संकष्टीला आणून ठेवलेला नारळ घेऊन आली. आक्कांनी वर्षाराणीला दंडाला धरून प्रीतीशेजारी पाटावर बसवलं. वर्षाराणीला काय करावं कळेना. एवढी वर्षं हळदीकुंकवाला बायकांच्या ओट्या भरल्या जात, तेव्हा तिच्या हातावर नुसती साखर पडायची. बिनलग्नाच्या बाईची ओटी कोण भरतं? प्रीतीने पदर पसरला. वर्षाराणीने इकडेतिकडे बघितलं.

"मला पदर न्हाय, आक्का."

"मग शर्ट हाय न्हवं? त्योच धर."

तिने नव्या शर्टाची दोन्ही टोकं धरून पुढे पसरली. आक्कांनी त्यात नारळ ठेवला, खण ठेवला, आणि ओंजळीओंजळीने तांदूळ घालत म्हणाल्या, "नीट धर. आई झालीस आता, सांडायचं न्हाय."